कॉलेज बास्केटबॉल बिघडवलं कोणी? पैसे, पोर्टल आणि कॉन्फरन्सचा सगळा मामला सोप्या भाषेत

अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची बास्केटबॉल मॅच बघायला वीस-वीस हजार माणसं येतात, त्या मॅचेस दाखवायचे हक्क अब्जावधी डॉलरला विकले जातात, आणि बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त सरकारी पगार कुणाला तर राज्याच्या विद्यापीठातल्या फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या कोचला, हे आपल्याकडे सांगितलं की लोकांना पटकन खरं वाटत नाही. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉलीला एमएस करायला आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे मी एनसी स्टेटवाला, म्हणजे इथल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचा, लाल रंगवाला, आणि पुढे जे लिहितोय ते एका फॅनचं मत आहे हे आधीच सांगतो. गेली चार-पाच वर्षं इथे टीव्हीवर, ऑफिसात, सलूनमध्ये एकच तक्रार ऐकू येते की पोरांना पैसे मिळायला लागले आणि कॉलेज बास्केटबॉलचा आत्मा गेला. मला हे साफ चुकीचं वाटतं. पोरांना पैसे मिळाले हे चांगलंच झालं, उलट फार उशिरा झालं. नुकसान झालंय ते विद्यापीठांनी टीव्हीच्या पैशासाठी शेजार मोडले त्यामुळे. आता हे असं का म्हणतोय ते समजायला आधी ही सगळी व्यवस्था समजून घ्यावी लागते, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे विद्यापीठ मुळात एवढा खेळ करतंच कशाला. आपल्याकडे खेळाडू घडतो तो शाळेतून, क्लबातून, तालमीतून आणि पुढे त्याला पोसते ती रेल्वे, पोलीस, सैन्य नाहीतर एखादी सरकारी कंपनी. आपला कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ घेऊन आला तेव्हा तो मध्य रेल्वेत नोकरीला होता, हे सगळ्यांना माहितीये. अमेरिकेत रेल्वेची ती जागा विद्यापीठाने घेतलीय. पोहणारा, धावणारा, कुस्तीगीर, व्हॉलीबॉलवाली, सगळे कॉलेजमध्ये स्कॉलरशिपवर येतात, तिथलाच कोच, तिथलाच स्विमिंग पूल, तिथलाच डॉक्टर. त्याच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित खेळाडूंनी ३९ पदकं घेतली, आणि अख्ख्या भारताची त्या वेळी ६ होती. आता या सगळ्या खेळांचा खर्च निघतो कुठून, तर मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमधून आणि त्याखालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलमधून. बाकी खेळ या दोघांच्या जिवावर चालतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच निघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांना यात एवढं काय वाटतं. एनबीएमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, खेळ जास्त चांगला होतो यात काही वादच नाही, मग लोक कॉलेजवर जीव का टाकतात? पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ म्हणून जी बोंब उठते ना, तो प्रकार डोळ्यासमोर आणा. तिथे व्यावसायिक नाटकापेक्षा भारी काम होतं म्हणून कोणी ओरडत नाही, आपल्या कॉलेजचं आहे म्हणून ओरडतात आणि समोरच्या कॉलेजची जिरवायची म्हणून ओरडतात. इथेही तेच, फक्त इथे अख्खं गाव, अख्खं राज्य त्यात असतं, ज्यांनी कधी कॉलेजची पायरीही चढली नाही असे लोकसुद्धा.

आणि ही खुन्नस शेजाऱ्याशीच असते. ड्यूक विद्यापीठ डरहॅममध्ये, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, ज्याला सगळे नुसतं कॅरोलिना म्हणतात, ते चॅपल हिलमध्ये, मध्ये जेमतेम १५-१६ किलोमीटरचं अंतर, आणि आमचं स्टेट रॉलीत, म्हणजे चॅपल हिलपासून चाळीसेक किलोमीटर. एकाच ऑफिसात तिन्हीकडची माणसं बसतात, एकाच घरात दोन रंग असतात. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चं, जेमतेम ९,३१४ सीटचं, आणि कॅरोलिनाशी मॅच असली की तिकडचे विद्यार्थी थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून बाहेर राहतात आत जागा मिळावी म्हणून. २०२२ मध्ये ड्यूकचे कोच माईक शशेव्हस्की निवृत्त होणार होते, तर कॅरोलिनाने त्यांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच ९४-८१ ने हरवली, आणि पुन्हा महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय टूर्नामेंटच्या शेवटच्या चारात, ८१-७७ ने हरवून त्यांची कारकीर्दच संपवली. एवढी मोठी कारकीर्द, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, आणि शेवटचा घाव शेजाऱ्याचा. चॅपल हिलची माणसं हे नातवंडांना सांगतील.

आता कॉन्फरन्स म्हणजे काय ते बघू. साडेतीनशेच्या वर विद्यापीठं वरच्या गटात खेळतात, सगळी एकमेकांशी खेळू शकत नाहीत, म्हणून आसपासच्या विद्यापीठांनी मिळून आपापले गट केले, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आमची एसीसी, म्हणजे ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५३ ला सुरू झाली. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, जानेवारी-फेब्रुवारीत कॉन्फरन्समधल्या मॅचेस, मार्चच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची स्वतःची टूर्नामेंट, आणि मग राष्ट्रीय टूर्नामेंट ज्याला मार्च मॅडनेस म्हणतात. एसीसीच्या टूर्नामेंटचा शुक्रवार म्हणजे या राज्यात जवळपास सणच, शाळेतल्या बाई चाकाच्या स्टँडवरचा टीव्ही वर्गात ढकलत आणायच्या आणि अख्खा वर्ग मॅच बघायचा, अशी आठवण इथला चाळिशी-पन्नाशीचा कोणीही माणूस सांगतो.

या भागात बास्केटबॉलचं वेड आणलं ते एव्हरेट केस नावाच्या कोचने, आणि तो आमचा, म्हणून जरा थांबतो. १९४६ ला तो इंडियानाहून एनसी स्टेटला आला. त्या वेळी हा सगळा फुटबॉलचा मुलूख होता. केसने इंडियानातल्या शाळांच्या बास्केटबॉलमधल्या सगळ्या रीती इकडे आणल्या. आज कुठलीही टीम जिंकली की शिडी लावून, कात्री घेऊन बास्केटची जाळी कापतात ना, प्रत्येक खेळाडू एकेक दोरा कापतो आणि शेवटचा तुकडा कोच गळ्यात घालतो, ती प्रथा कॉलेजमध्ये त्यानेच १९४७ ला सुरू केली. १९४९ ला रेनॉल्ड्स कोलिझियम उघडलं, बारा हजारांच्या वर सीट्स, आणि ड्यूक, कॅरोलिना, वेक फॉरेस्ट सगळ्यांना त्याच्यामागे धावावं लागलं. शेजारी तगडा झाला म्हणून बाकीचे तगडे झाले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथलं बास्केटबॉल टीव्हीने मोठं केलेलं नाही, टीव्ही नंतर आला.

राष्ट्रीय टूर्नामेंट १९३९ ला सुरू झाली तेव्हा फक्त ८ टीम होत्या. बरीच वर्षं नियम असा होता की एका कॉन्फरन्समधून एकच टीम जाणार. १९७४ च्या एसीसी फायनलमध्ये स्टेट आणि मेरीलँड समोरासमोर आले, दोन्ही देशातल्या सर्वोत्तम टीममध्ये धरलेले, स्टेटने ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने मॅच काढली आणि मेरीलँडसारखी टीम घरी बसली. स्टेटने पुढे जाऊन सलग ७ वर्षं चॅम्पियन असलेल्या लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला सेमीफायनलमध्ये दोन ओव्हरटाइमनंतर ८०-७७ ने पाडलं आणि विजेतेपद घेतलं. त्या टीममधला डेव्हिड थॉम्पसन म्हणजे उडी मारली की खाली यायचं विसरायचा असा माणूस, आणि गंमत म्हणजे १९६७ ते ७६ कॉलेजमध्ये डंक मारायला, म्हणजे उडी मारून बॉल वरून जाळीत कोंबायला, बंदी होती, त्यामुळे तो हवेत बॉल झेलून हळूच जाळीत सोडायचा. मेरीलँडवरचा तो अन्याय सगळ्यांना इतका लागला की पुढच्याच वर्षी ३२ टीम झाल्या आणि एका कॉन्फरन्समधून जास्त टीम घ्यायला लागले. १९८५ ला ६४, २०११ ला ६८.

या ६८ मध्ये तीसच्या वर टीम आपापल्या कॉन्फरन्सच्या टूर्नामेंट जिंकून थेट येतात, बाकीच्या एक समिती निवडते. एक मॅच हरलात की घरी. म्हणूनच इथे २०१८ ला बाल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठाने, ज्याचं नाव बास्केटबॉलमध्ये कुणी घेत नव्हतं, पहिल्या नंबरच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं धुतलं. सात मॅचेसची सीरिज असती तर हे कधीच झालं नसतं. आणि लहान विद्यापीठाला यातून पैसेही मिळतात, टूर्नामेंटमध्ये खेळलेल्या जवळजवळ प्रत्येक मॅचमागे एक वाटा त्यांच्या कॉन्फरन्सला मिळतो, सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. लहान कॉन्फरन्सला ही रक्कम म्हणजे वर्षानुवर्षांची सोय.

आता पैशाकडे येतो. सगळ्यावर देखरेख करणारी संस्था एनसीएए, १९०६ साली स्थापन झालेली, त्या वेळी फुटबॉलमध्ये पोरं अक्षरशः मरत होती म्हणून. तिचा मुख्य आग्रह बरीच वर्षं एकच होता की खेळाडू हौशी असला पाहिजे, स्कॉलरशिप घ्या पण एक डॉलर वर घ्यायचा नाही. आणि त्याच एनसीएएने २०१० ला मार्च मॅडनेसचे हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले, नंतर २०३२ पर्यंत वाढवताना आणखी ८.८ अब्ज. कोच कोट्यवधी कमवणार, बूट कंपन्या विद्यापीठाशी करार करणार, टीव्हीवाले कमवणार, आणि जो अंगावर मार खातोय त्याला फुकटचा टीशर्ट घेतला तरी चौकशी. २०१४ ला कनेक्टिकट चॅम्पियन झालं तेव्हा त्यांचा मुख्य खेळाडू शबाझ नेपियरने पत्रकारांना सांगितलं होतं की काही रात्री खायला पैसे नसल्याने तो उपाशी झोपतो. देशातल्या सर्वोत्तम टीमचा सर्वोत्तम खेळाडू! त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची बंधनं काढली. म्हणजे टीव्हीवर लाज निघेपर्यंत कुणालाच सुचलं नव्हतं.

भिंत फोडली ती कोर्टाने. यूसीएलएच्या १९९५ च्या चॅम्पियन टीममधला एड ओबॅनन मित्राच्या घरी गेला तर तिथे व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला, तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा, नाव तेवढं नाही. गेम विकला जातोय, ओबॅननला दमडी नाही. त्याने २००९ ला केस टाकली आणि २०१४ ला निकाल बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने लागला. मग २०२१ च्या जूनमध्ये ऑलस्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली, यालाच एनआयएल म्हणतात. जाहिरात करा, सही विका, कॅम्प घ्या. प्रत्यक्षात काय झालं तर श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी निधीची मंडळं काढली आणि ती खेळाडूंना पैसे द्यायला लागली, जाहिरातीचं नुसतं नाव. शेवटी जून २०२५ मध्ये हाउस नावाच्या खटल्यात तडजोड मंजूर झाली, जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. यातला सिंहाचा वाटा मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलला जातो हे वेगळं सांगायला नको.

इथे आपल्या मराठी वाचकांना लगेच कळेल असा एक भाग आहे जो अमेरिकन फॅनना बऱ्याचदा समजावून सांगावा लागतो, तो म्हणजे व्हिसा. परदेशातून आलेला बास्केटबॉलपटूसुद्धा बहुतेक वेळा एफ-१ वरच, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच असतो, तुमच्या-आमच्यासारखाच. कॅम्पसवर आठवड्याला २० तास, बाहेर काम करायचं तर सीपीटी नाहीतर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी जोडलेली कामाची परवानगी, हे नियम त्यालाही लागू. मग टीममधला अमेरिकन पोरगा गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे घेतोय आणि शेजारचा काँगोचा, फ्रान्सचा, कॅनडाचा पोरगा तेवढंच खेळून हात बांधून बसलाय. केंटकीचा ऑस्कर शिब्वे, काँगोचा, २०२२ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू, त्याने काय केलं तर टीम उन्हाळ्यात बहामाला मॅचेस खेळायला गेली तेव्हा अमेरिकेच्या हद्दीबाहेर बसून जाहिरातीची कामं उरकली. ज्याने कधी एफ-१ वर असताना चार पैशासाठी डोकं चालवलंय त्याला हे वाचून हसू नाही येणार, पोटात कालवेल. हा नियम बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी तक्रार, ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादी. आधी विद्यापीठ बदललं की वर्षभर बाकावर बसायला लागायचं, कोच मात्र करार मोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायला मोकळा. २०२१ ला एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, २०२४ ला कितीही वेळा. आता दर उन्हाळ्यात टीमच्या टीम बदलतात. यावर मत देताना मी दोन गोष्टी समोर ठेवतो.

पहिली जर्सी सिटीची. तिकडचे मराठी लोक केनेडी बुलेव्हार्डवरून रोज जातात, जर्नल स्क्वेअरच्या इंडिया स्क्वेअरला किराणा घेतात, तिथून अगदी जवळ सेंट पीटर्स नावाचं छोटं विद्यापीठ आहे. २०२२ ला ते पंधराव्या मानांकनावर आले (टूर्नामेंटचे चार विभाग, प्रत्येकात सोळा मानांकनं, म्हणजे हे शेवटून दुसरं) आणि आधी केंटकी, मग मरी स्टेट, मग पर्ड्यू असे तीन हरवून शेवटच्या आठात पोचले. पंधराव्या मानांकनाची टीम त्याआधी तिथवर कधीच पोचली नव्हती. मिशीवाला डग एडर्ट रातोरात देशभर माहीत झाला. आणि मग? काही दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेला, एनडेफो त्याच्या मागे तिकडेच, एडर्ट ब्रायंटला, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. पुढच्या नोव्हेंबरात ती टीम उरलीच नव्हती. हे बघून वाईट वाटतंच. २०२५ ला तर शेवटचे सोळाच्या सोळा संघ चार मोठ्या कॉन्फरन्सचे होते आणि फायनल फोरमध्ये चारही पहिल्या मानांकनाचे. लहान विद्यापीठात कुणी चमकला की मोठं विद्यापीठ त्याला उचलतं, बळी तो कान पिळी.

दुसरी गोष्ट आमची, २०२४ ची. स्टेटने सीझनच्या शेवटी इतका खराब खेळ केला होता की एसीसी टूर्नामेंटला दहाव्या नंबरवर गेलो, म्हणजे जिंकायचं तर पाच दिवसांत पाच मॅचेस. लुईव्हिल, सिराक्यूज, ड्यूक असे तीन झाले. सेमीफायनलला व्हर्जिनिया तीन पॉइंटने पुढे, शेवटचे काही सेकंद, त्यांच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला, मायकेल ओकॉनेल बॉल घेऊन पळत आला आणि तीन पॉइंटच्या लाइनबाहेरून मारला, बॉल बोर्डला लागून, रिंगवर नाचून आत. ५८-५८. ओव्हरटाइममध्ये ७३-६५. दुसऱ्या दिवशी कॅरोलिनाला ८४-७६. १९८७ नंतर पहिल्यांदा एसीसी जिंकली, आणि मग राष्ट्रीय टूर्नामेंटमध्ये आणखी चार, त्यातही शेवटी पुन्हा ड्यूकच. त्या मॅचमध्ये डीजे बर्न्सने २९ पॉइंट मारले, हा जवळजवळ सव्वाशे किलोचा डावखुरा माणूस, पाठ समोरच्याच्या छातीला लावून एकेक पाऊल मागे रेटत न्यायचा आणि जागेवरच गर्रकन फिरून इतक्या हळुवार हाताने बॉल सोडायचा की ड्यूकचे उंच पोरगे बघत राहायचे. मोहम्मद दियारा तर रमजानचे रोजे ठेवून खेळत होता, दिवसभर पाणीही नाही आणि रात्री रिबाउंडवर रिबाउंड. १९८३ नंतर पहिल्यांदा स्टेट फायनल फोरला गेलं, तिथे पर्ड्यूने ६३-५० ने हरवलं.

आणि आता मुद्दा. त्या टीमचे पाचही सुरुवातीचे खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून आलेले होते. बर्न्स विन्थ्रॉपहून, दियारा मिझुरीहून, मॉर्सेल व्हर्जिनियाहून, हॉर्न ॲरिझोना स्टेटहून, म्हणजे हा मूळचा रॉलीचाच, परत घरी आलेला, आणि ओकॉनेल स्टॅनफर्डहून. पोर्टल नसतं तर हे झालंच नसतं. आणि त्या पोरांवर या गावाने जेवढा जीव लावला तेवढा चार-चार वर्षं इथे काढलेल्यांवरही क्वचित लावला असेल. तेव्हा ‘बाहेरून आलेल्या पोरांशी नातं जुळत नाही’ हे मला पटत नाही. नातं जुळतं, फक्त त्यांनी लाल जर्सी घालून निळ्यांना, म्हणजे ड्यूक-कॅरोलिनाला, हरवलं पाहिजे. माझं मत विचाराल तर पोर्टल राहू दे, पण खेळाडूशी सरळ दोन वर्षांचा करार करा, दोन्ही बाजू बांधलेल्या, कोचसुद्धा बांधलेला. नोकरीसारखं काम करून घेताय तर नोकरीसारखा कागद करा.

मग खरं बिघडलं कुठे? १९८४ ला सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या केसमध्ये निकाल दिला की फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवर एनसीएएची मक्तेदारी चालणार नाही. त्या दिवसापासून प्रत्येक कॉन्फरन्स स्वतःची फुटबॉल मॅच स्वतः विकायला लागली, आणि ज्या कॉन्फरन्सकडे मोठी नावं, मोठी शहरं, तिला जास्त पैसे. तिथून पळवापळवी सुरू झाली. २००४ च्या आधी एसीसीत ९ टीम होत्या, प्रत्येक जण प्रत्येकाशी घरी एकदा आणि त्यांच्याकडे एकदा खेळायचा. हे गणित इतकं साधं होतं की सीझन संपल्यावर कोण भारी यावर वाद उरायचा नाही. मग फुटबॉलसाठी मायामी आणि व्हर्जिनिया टेक आणले, मग बॉस्टन कॉलेज, मग सिराक्यूज, पिट्सबर्ग. २०१४ ला मेरीलँड, ज्यांच्याशी १९७४ ची ती मॅच झाली तेच मेरीलँड, जास्त पैशासाठी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला निघून गेलं. साठ वर्षांची खुन्नस एका सहीने संपली.

पश्चिमेला तर फारच वाईट झालं. २०२२ ला यूसीएलए आणि यूएससीने बिग टेनला जायचं जाहीर केलं, वर्षभराने कोलोराडोने बिग ट्वेल्व्ह ही आणखी एक कॉन्फरन्स धरली, मग ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा यांनीही बिग ट्वेल्व्ह धरली, आणि शंभर वर्षांहून जुनी पॅक-१२ कॉन्फरन्स २०२४ ला दोन विद्यापीठांवर आली, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, ज्यांना कोणी घेतलंच नाही. आता लॉस एंजलिसची यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्सशी कॉन्फरन्स मॅच खेळते, मधलं अंतर जवळपास चार हजार किलोमीटर. फुटबॉलवाले आठवड्यात एकदा चार्टर विमानाने जातात, त्यांचं ठीक आहे. पण त्याच करारामुळे व्हॉलीबॉलच्या, सॉकरच्या पोरींना बुधवारी रात्री देश ओलांडून शुक्रवारी परीक्षेला बसावं लागतं, त्यांचा काय संबंध? ज्या खेळांमुळे ऑलिम्पिकची पदकं येतात ते खेळ फुटबॉलच्या मागे फरपटत जाताहेत.

आणि आमच्या ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया आली, डॅलसची एसएमयू आली. एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशात वाटा नको, फक्त आत घ्या, असं म्हणून प्रवेश मिळवला. १८ टीम झाल्यावर शेजाऱ्यांशी दोनदा खेळायला वेळच उरत नाही, ड्यूक आणि स्टेट, गाडीने अर्धा तास, अख्ख्या सीझनमध्ये एकदाच भेटतात असं व्हायला लागलं. एवढंच नाही, २०२५ च्या टूर्नामेंटला १८ पैकी १५ च टीम घेतल्या, आणि जे स्टेट आदल्या वर्षी दहाव्या नंबरवरून येऊन चॅम्पियन झालं होतं ते खराब सीझनमुळे त्या टूर्नामेंटमध्ये पाऊलही ठेवू शकलं नाही. आधी तळाच्या टीमलाही मार्चमध्ये पाच दिवसांची आशा असायची. ती आशा कोणत्या खेळाडूच्या पगारामुळे गेली? कुठल्याच नाही. ती टीव्हीच्या कराराने गेली, आणि त्या करारावर सह्या विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या होत्या, एकोणीस वर्षांच्या पोरांच्या नव्हत्या.

बायकांच्या बास्केटबॉलचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरं होणार नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींनाही खेळाची समान संधी द्यावी लागली, तरी त्यांची राष्ट्रीय टूर्नामेंट एनसीएएने सुरू केली ती १९८२ ला. २०२१ ला तर पुरुषांना प्रशस्त व्यायामशाळा आणि मुलींना एका रॅकवर थोडे डंबेल्स, हे ऑरेगनच्या सेडोना प्रिन्सने व्हिडिओ काढून जगाला दाखवलं. मार्च मॅडनेस हे नाव वापरायची परवानगीही मुलींना २०२२ ला मिळाली. आणि दोनच वर्षांत, २०२४ ला, आयोवाची केटलिन क्लार्क आणि साउथ कॅरोलिना यांची फायनल सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची १ कोटी ४८ लाख. टूर्नामेंटमधल्या मॅचमागे मिळणारे वाटे मुलींना कुठे २०२५ पासून सुरू झाले. आमच्याकडे स्टेटच्या मुली त्याच २०२४ च्या वर्षी फायनल फोरला गेल्या होत्या, एकाच वसंतात दोन्ही टीम. त्या अजून केसच्या जुन्या रेनॉल्ड्समध्येच खेळतात, आता तिथे साधारण साडेपाच हजार सीट्स आहेत, कोर्टला के याओ यांचं नाव आहे, ज्यांनी ३४ वर्षं इथे कोचिंग केलं आणि कॅन्सरशी झुंजताना सुद्धा सोडलं नाही. रॉली, कॅरी, मॉरिसव्हिलला राहणाऱ्या मराठी घरांना माझं सांगणं आहे की पोरांना पहिली मॅच तिथे दाखवा, तिकीट परवडतं, आवाज छातीत घुमतो आणि खेळाडू इतक्या जवळ असतात की कोच काय ओरडतोय ते ऐकू येतं.

उपाय अवघड नाही, इच्छा पाहिजे. फुटबॉलला खुशाल वेगळं काढा, त्यांची देशभरची लीग करा, टीव्हीला हवी तशी विका. बास्केटबॉल आणि बाकी सगळे खेळ परत शेजारपाजारच्या कॉन्फरन्समध्ये आणा. ड्यूक, कॅरोलिना, स्टेट, वेक फॉरेस्ट यांनी एकमेकांशी दरवर्षी घरी एक आणि बाहेर एक खेळलंच पाहिजे असा नियम करा, मेरीलँडला परत बोलवा, यूसीएलएला ॲरिझोनाशी खेळू द्या. खेळाडूंचे पैसे जसे आहेत तसे राहू देत, वर करार आणि व्हिसाची सोय. फुटबॉलचे टीव्ही करार २०३० च्या सुमाराला पुन्हा टेबलवर येतील, तेव्हा हे करायची संधी आहे, आणि तोपर्यंत इथल्या प्रत्येक सीझन-तिकीटवाल्याने आपल्या विद्यापीठाला पत्र लिहून हेच मागायला पाहिजे, मी लिहितो.